बंद दाराचा ठराव

आम्ही स्विस माणसं कुणाच्या भांडणात पडत नाही. त्यामुळे आम्हाला सगळ्यांशीच लढायची तयारी ठेवावी लागते. आमच्या डोंगरगावात युद्धात आसरा म्हणून शाळेखाली काँक्रीटचं तळघर बांधलं, तेव्हा देशाचं रक्षण हे लहानथोर सगळ्यांचं काम आहे, असं सभेत ठासून सांगितलं गेलं. सभेत अर्थात फक्त पुरुष. कमरेला तलवार लटकवून हात वर करायचा, हे आमचं मतदान. बायका दोरीपलीकडून बघायच्या. माणूस चंद्रावर जाऊन आला, तरी ती दोरी तिथेच होती.

माझी वहिनी ओटिलिया त्या दोरीशी उभी राहून राहून चाळिशीला आली. तळघरातली अंथरुणं, बटाटे, औषधांची पेटी, सगळं तीच बघायची. एकदा ती माझ्या भावाला म्हणाली, "बाप्टिस्ट, यंदा बायकांच्या मताचा विषय काढ ना."

"अगं, तुला युद्धातलं काय कळतं?" भाऊ म्हणाला. तो तळघराचा प्रमुख होता.

युद्धातही लोकशाही हवी, म्हणून त्याने त्या वर्षीच्या सभेत वेगळाच ठराव आणला. दार एकदा बंद झालं की आतल्यांच्या बहुमतानेच उघडायचं. एकमताने मंजूर.

ऑक्टोबरात गावाची कवायत झाली. पुरुष बंदुका घेऊन खिंडीत, बायकापोरं तळघरात. आम्ही तटस्थ असल्यामुळे शत्रू कोण हे ठरलं नव्हतं, आणि तो आलाही नाही. बर्फाळ पाऊस मात्र आला. भिजून, उपाशी परतलो, तर हवेच्या नळीतून जवाच्या सूपचा वास येत होता.

भावाने दार ठोठावलं. "ओटिलिया, उघड!"

"थांबा, मत घेते." आत खसखस पिकली. "नामंजूर झालं हो!"

"बायकांची मतं धरत नाहीत!"

"बरं. आत बाप्या तर एकही नाही. मग दार कुणाच्या मताने उघडायचं?"

आम्ही दाराला खांदे लावून पाहिले. शेवटी बाप्टिस्ट चिखलातून ओरडला, "धरली! तुमची मतं धरली!" दुसऱ्या मतदानात आम्ही कसेबसे निवडून आलो. सूप वहिनीनेच वाढलं. तिला इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला तिचा फार अभिमान वाटला.

वसंतात सभा भरली. पोटं भरलेली, कपडे कोरडे. बायकांच्या मताचा विषय वेळेअभावी राहिला. दाराला बाहेरूनही उघडेल असं कुलूप बसवायचं, हे मात्र एकमताने ठरलं. किल्ली प्रमुखाकडे. बाप्टिस्टला घरात स्वतःचे मोजे सापडत नाहीत. त्याने ती वहिनीकडे ठेवायला दिली.

पुढच्या कवायतीच्या सकाळी तो विचारत आला, "किल्ली कुठे ठेवलीस गं?"

वहिनी कांदा चिरत होती. "सापडेल रे. आधी तुमच्या सभेला वेळ सापडू दे. मला बाई युद्धातलं काय कळतं?"