आबांच्या चालीचा राक्षस

जळगावचा माझा एक मित्र मोबाइलवर खेळायचा पत्त्यांचा खेळ बनवतोय. त्यातले राक्षस मी धुळ्यात घरी बसून काढते आणि हलवते. आतापर्यंत बत्तीस झाले. एकाचं डोकं भरताच्या वांग्यासारखं आहे, एक स्वतःच्याच शेपटीला घाबरतो. हा खेळ कुणी खेळेल असं आता आम्हा दोघांनाही वाटत नाही, फक्त ते आधी कुणी बोलायचं यावर आमचं अडलंय. शेजारच्या अक्का विचारतात, "भुतं काढीसन तुले काय भेटस वं?" मला त्यांचाच राग येतो.

एका राक्षसाची चाल काही केल्या जमेना. एका अंगाला कललेला, डावा पाय ओढत येणारा गडी. चार दिवस डोकेफोड केली. मार्चमधल्या एका सकाळी माझे वडील, आबा, ओट्यासमोर व्यायामाच्या फेऱ्या मारत होते. अर्धांगाचा झटका येऊन त्यांना दोन महिने झाले होते, डावी बाजू लुळी पडली होती. मी खिडकीतून गुपचूप त्यांचं चित्रण केलं. लाज वाटली, पण खरं सांगते, चाल मिळाल्याचा आनंद जास्त होता.

पुढे त्यांनी तो राक्षस माझ्या स्क्रीनवर पाहिलाच. "हाऊ तं मी शे," ते म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आबा मात्र अर्ध्या तोंडानं हसले. "पण मना हात इतला हालत नही," म्हणाले, आणि मला नीट दिसावं म्हणून खोलीभर चालून दाखवलं. मी हाताची चूक दुरुस्त केली.

आबा एसटीत कंडक्टर होते. गाडी कितीही हेलकावली तरी दांडा न धरता तिकिटं द्यायचे, याचा त्यांना फार अभिमान. आता दिवाळीला एकट्यानं आमच्या गावाच्या, पिंपळनेरच्या गाडीत चढायचं, हा त्यांचा हट्ट. त्या हट्टापायी रोज फेऱ्या.

श्रावणात मित्राला त्या राक्षसाचा थोरला भाऊ हवा झाला. या वेळी मी आबांना विचारूनच, त्याच खिडकीतून चित्रण केलं. त्यांनी त्यासाठी दाढी केली. मग मी नेहमीच्या पद्धतीनं कामाला बसले. एका चित्रावर दुसरं चित्र फिकं करून ठेवायचं, बटर पेपरवर गिरवतात तसं, आणि एका पावलाला किती चित्रं लागतात ते मोजायचं. मार्चमध्ये एकवीस लागली होती. आता एकोणतीस, म्हणजे पाऊल आणखी मंदावलं होतं. मी तीनदा मोजली. मार्चमध्ये टाच जमिनीपासून बोटभर सुटत होती, आता सुटतच नव्हती.

घरात सगळे म्हणत होते, फरक पडतोय. मीही म्हणत होते. डॉक्टरांना फोन केला, तपासण्याही झाल्या. शेवटी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता आहे ते टिकलं तरी खूप, सुधारणेची आशा धरू नका. ते आबांना कसं सांगायचं, हे मात्र त्यांनी माझ्यावर सोडलं.

दोन दिवसांनी आबा भिंत धरत माझ्या टेबलापाशी आले. "दोन्ही लाव. फरक दखू दे माले."

आज सांगून टाकावं असं मी ठरवलं होतं. तोंड उघडलंही. दोन्ही चित्रणांत तीच बंडी, तोच पायजमा, मागे तोच जिना होता, आणि दाढी केलेली की वाढलेली ते लांबून कळत नव्हतं. मी श्रावणातलं आधी लावलं. "हे मार्चचं," म्हटलं. मग मार्चमधलं लावलं. "आणि हे आत्ताचं."

आबा स्क्रीनला नाक लागेल इतके वाकले. "दखं का? मी काय सांगत व्हतू!" त्यांचे डोळे भरून आले. आईला हाक मारून त्यांनी तिलाही दाखवायला लावलं. आईनं माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फेऱ्या दुप्पट केल्या. दर महिन्याला चित्रण करायचं आणि मागच्याशी ताडून पाहायचं, हेही त्यांनीच ठरवलंय. येत्या सोमवारी महिना भरतो. त्यांची चांगली चाल माझ्याकडे एकच होती, आणि ती मी वापरून बसलेय.