परदेशी भाडेकरूबरोबर कोथरूडला जेवायला

कोथरूड धायरीपासून बसने तासाभरावर आहे. तरी आदल्या रात्री मला झोप नव्हती.

आमच्या वरच्या खोलीत जोसेफ राहतो. टांझानियाहून इंजिनिअरिंग शिकायला आलेला आहे. त्याला खोली दिली तेव्हा गल्लीतले चौघे मला समजवायला आले होते. आता तेच चौघे त्याच्याकडून मोबाईल दुरुस्त करून घेतात. मराठी त्याला आमच्या मंडळीनं शिकवली, त्यामुळे तो आमच्यासारखाच बोलतो. दर रविवारी तो पुणे बघायला निघतो. शनिवारी बूट पुसत म्हणाला, "आबा, उद्या कोथरूडला जेवायला जायचं हाय. व्याहीसाहेबांनी बोलावलंय."

"कधी बोलावलं?"

"तुमच्याकडं पूजेला आले तेव्हा. म्हणाले, या एकदा घरी जेवायला."

"अरे, ते म्हणायचं असतं. जायचं नसतं."

"मग म्हणायचं कशाला? मी फोन केला. आपण दोघं येतो म्हणलं."

"काय म्हणाले?"

"जरा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, या."

तो 'जरा वेळ' मला रात्रभर पुरला. माझी रोहिणी त्या घरात नांदते. लग्न तिनं स्वतः जमवलेलं. तीन वर्षं झाली, मूलबाळ नाही. आणि लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा आमचा रिवाज. मी जातो, दाराजवळच्या खुर्चीत बसतो, खुशाली विचारतो आणि उठतो. आता हा पाहुणा पुढे करून जेवायला गेलो, तर बोलणी पोरीला खावी लागणार.

तरी निघालो. परसातल्या शेवग्याच्या शेंगा बरोबर घेतल्या. फाट्यावर रिक्षावाल्यानं जोसेफकडे बघून अडीचशे सांगितले. "मीटर टाका की दादा," हा म्हणाला, तर रिक्षावाल्याला एकदम दुसरीकडे काम आठवलं. तुम्ही जाणार असाल तर बसच बरी. सकाळी लवकर निघा, नदीच्या पुलाच्या अलीकडे रविवारीही गाड्या तुंबतात. बसमध्ये शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "हे कुठले?"

"धायरीचा," जोसेफ म्हणाला.

बाईंनी उरलेला प्रवास खिडकीबाहेर बघत केला.

सोसायटीच्या फाटकावर वही होती. नाव, गाव, कोणाकडे, कशासाठी. मी 'भेट' लिहिलं. जोसेफनं 'जेवण' लिहिलं. पहारेकऱ्यानं दोनदा वाचलं आणि सोडलं. त्या इमारतींत सगळी दारं सारखी आणि सगळी बंद. मी दोन मजले चुकलो. लोक परदेशात कसे राहत असतील, हे तिथं मला नीट कळलं.

व्याही बँकेतून निवृत्त झालेले आहेत. दार उघडून म्हणाले, "या. वेळेवर आलात. सहसा लोक येत नाहीत." जोसेफ म्हणाला, "आम्ही दोघं हाय." व्याही म्हणाले, "आहोत. आम्ही दोघं आहोत." मग आत वळून, "रोहिणी, पाणी आण."

तिनं दोन पेले आणले. मी हात जोडले. "आत्ताच घेतलंय."

"कुठं घेतलं?" जोसेफ म्हणाला. "बसमध्ये तर घसा सुकला म्हणत होता."

व्याही हसले. "आमचं पाणी महापालिकेचं आहे, आबासाहेब. धायरीला आपल्याकडे टँकर येतो, म्हणून सवय नसेल आपल्याला."

ताटं मांडली. मी खुर्चीतच, वर्तमानपत्र धरून. जोसेफ घास हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिला. "आमच्याकडं कुणी असं बसून राहिलं, तर माझी आई रात्रभर विचार करते, आपलं काय चुकलं."

विहीणबाईंनी पळी खाली ठेवली. तेवढ्यात रोहिणीनं मला शेंगा ठेवायच्या निमित्तानं आत बोलावलं. ओट्याकडे तोंड करून, हळू म्हणाली, "आबा, तुम्ही पाणी परत पाठवता ना, तेव्हा सासूबाई पेल्याकडे बघत नाहीत. माझ्याकडे बघतात."

"मी तुझा मान ठेवायला..."

"दर वेळी तुम्ही चारचौघांत सांगून जाता, अजून काही नाही म्हणून. ह्या घरात एकानंही मला कधी विचारलेलं नाही."

तीन वर्षं मी त्या खुर्चीत कसा ताठ बसायचो, ते आठवून कान तापले. त्या घरात बोलणाऱ्यांची मला धास्ती, आणि बोलून जाणारा मीच. बाहेर येऊन पेला उचलला आणि संपवला. दुसरा मागितला. व्याह्यांनी टँकरचं काही काढलं नाही, स्वतः उठून पाट सरकवला. रोहिणीनं वाढलं. मी ताटातच बघून जेवलो.

संध्याकाळी घरी परतलो. जोसेफ पुढच्या रविवारी विश्रांतवाडीला जाणार आहे; तिथल्या कुणीतरी 'या एकदा' म्हटलंय. त्या माणसाला कळवायला हवं. आमची मंडळी घेवडा मोडत बसली होती. मी धीर करून सांगितलं, "मी रोहिणीकडं जेवलो."

ती वर न बघता म्हणाली, "आमटी खारट होती का? विहीणबाईंचा हात मिठाला जरा सढळ हाय."

"तुला काय माहीत?"

"दर महिन्याला डोळे दाखवायला कोथरूडला जाते, ते काय नुसते डोळे दाखवायला?"

तीन वर्षांत हिच्या चष्म्याचा नंबर एकदाही बदललेला नाही. निदान तेवढं तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं.