नवसाची ठमी

देवीवर माझा विश्वास नव्हता असं नाही. पण तिचं-माझं फारसं पटत नव्हतं, हे मी आधीच सांगून टाकते. आमच्या घरात देवाधर्माचं सगळं माझ्या सासूबाईंकडे. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्यांनी सांगावं, मी करावं, आणि करता करता मनातल्या मनात देवीशी भांडावं, असं आमचं चाललेलं. नाशिकच्या बाहेर मखमलाबादच्या अंगाला आमचा फुलांचा मळा. झेंडू, शेवंती, कडेला मेथी-कोथिंबीर. फुलं देवाला जातात, पण तोडणाऱ्याची कंबर धरते ते बघायला काही देव येत नाही, असं मी तोंडावर म्हणायची आणि आत्याबाई कानांवर हात ठेवायच्या. अशा माझ्यासारखीला एका दसऱ्याच्या तोंडावर, एका कोंबडीपायी, देवीच्या दारात जाऊन पदर पसरावा लागला.

त्याच्या दोन वर्षं आधी माझी मुलगी नंदा टायफॉईडनं आजारी पडली होती. पहिलीतली पोर, नुसती काडी झाली. ताप उतरायचं नावच घेईना. दवाखान्यात तिच्या खाटेपाशी बसून आत्याबाईंनी नवस बोलला. त्यांचं माहेर दिंडोरीच्या पुढं, सुरगाण्याच्या वाटेवर. तिथल्या खिंडीत देवीचं थानक आहे, तिला सगळे नुसतं ‘खिंडीतली आई’ म्हणतात. पोर उठून बसली तर तुला कोंबडी वाहीन, असं आत्याबाई बोलल्या. ताप उतरला. औषधानं उतरला की आईच्या कृपेनं, यावर मीसुद्धा तेव्हा वाद घातला नाही. आत्याबाईंनी लगेच शेजारच्या मळ्यातून एक तांबूस पिल्लू आणलं. वाढवायचं आणि मोठं झालं की आईला नेऊन द्यायचं. तेव्हाच त्यांनी मला बजावलं होतं, “नवसाच्या जिवाला नाव द्यायचं नाही बरं का. नाव दिलं की जीव लागतो.”

आणि आम्ही नेमकं तेच केलं. नंदा तापातून उठली खरी, पण अन्न बघितलं की तोंड फिरवायची. मऊ भात, वरणाचं पाणी, पेज, काय काय केलं मी! शेवटी एक दिवस वैतागून ते पिल्लूच तिच्या ताटापाशी सोडलं आणि म्हटलं, “तू नको खाऊ, हिला तरी भरव.” त्या दिवशी पोरगी कितीतरी दिवसांनी हसली. मग तो खेळच झाला. एक घास ठमीला, एक घास नंदाला. हो, ठमी. नाव कधी ठेवलं ते कळलंसुद्धा नाही. पिल्लू चोच वासून उभं, म्हणून नंदा घास घेणार, अशी त्या दोघींची गाडी रुळावर आली. माझ्या लेकीला परत जेवायला त्या कोंबडीनं शिकवलं. आत्याबाई मात्र हट्टानं तिला ‘ती नवसाची’ एवढंच म्हणायच्या.

ठमी मोठी झाली तशी घरभर मिरवायला लागली. माझ्या बांगड्या वाजल्या की मागं मागं यायची, झेंडूच्या सऱ्यांतून किडे टिपत हिंडायची, नंदा अभ्यासाला बसली की तिच्या दप्तरावर बैठक मारून बसायची. अशी ऐटबाज बया! ह्यांच्या, म्हणजे माझ्या मालकांच्या, चपलेवर तिनं कितीदा घाण केली. पण ते सुद्धा “ठमाबाई, जरा सरका” असं म्हणून चप्पल धुवायचे. नवस फेडायचं दर वेळी निघायचं आणि राहायचं. कधी फुलांची तोड, कधी लगीनसराईचा बाजार, कधी पाऊस. कामं खरीच होती. पण काम निघालं की मला आतून बरं वाटायचं, हेही खरं.

त्या वर्षी दसरा जवळ आला आणि ठमीनं खाणं सोडलं. पिसं फुगवून, शेपटी खाली टाकून कोपऱ्यात बसायला लागली. तुरा फिका पडला. मी लसूण ठेचून तुपातून चारला, हळदीचं पाणी पाजलं, गुळाचा खडा पुढं केला; बाईसाहेब डोळेसुद्धा उघडेनात. ह्यांनी तिला सायकलवरून गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाण्यातून द्यायची पावडर दिली, पण पाणी प्यायला पाहिजे ना! नंदा ताट घेऊन तिच्यासमोर मांडी घालून बसायची. “एक घास तुला, एक मला. आधी तू.” ठमी मान वळवायची, आणि नंदा ताट सरकवायची. “ती खाईल तेव्हा मी खाईन,” म्हणायची. रागावले, चुचकारलं, एक धपाटासुद्धा घातला. तो घातल्यावर मीच चुलीपाशी जाऊन रडले. दोन वर्षांपूर्वीची ती खाट माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

आत्याबाईंना काही शंकाच नव्हती. “आईनं बोलावणं धाडलंय. तिची वस्तू आपण दाबून ठेवली. आता ती अशीच आपल्या दारात मेली, तर पोरीचा नवस तसाच राहील गं.” आवाज चढवला नव्हता त्यांनी. घाबरलेल्या होत्या. एरवी मी चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी मीही घाबरले होते. कोंबडी मेली तर नवस बुडाला, आणि त्या नवसावर माझ्या लेकीचा जीव तोललेला. कोंबडी बरी झाली तर ती सुरीखाली जाणार, आणि मग नंदा कुणासमोर ताट घेऊन बसणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. मी मनात देवीला म्हटलं, तूच सांग बाई, मी नेमकं काय मागू तुझ्याकडे?

झेंडूची तोड ऐन भरात होती, ह्यांना बाजार सुटणार नव्हता. आत्याबाईंचे गुडघे चालू देईनात. म्हणून मी एकटीच निघाले. पाटीत जुनं लुगडं अंथरलं, त्यात ठमीला ठेवलं, वरून फडकं बांधलं. नंदाला मी सांगितलं, खिंडीतल्या आईकडे नेते, हिला बरी कर म्हणून सांगते. पोरीनं रुमालाच्या गाठीत मूठभर तांदळाच्या कण्या बांधून माझ्या हातात दिल्या. “तिला ह्याच आवडतात. वाटेत भूक लागली तर दे.” मी गाठ कमरेला खोचली आणि तिच्याकडे न बघता चालायला लागले.

दिंडोरीपर्यंत एसटी मिळाली, पुढं जीप. घाट लागला तसं मला मळमळायला लागलं. दाटीवाटीनं बसलेलो, पाटी मांडीवर, जीप खड्ड्याखड्ड्यातून उसळतेय. शेजारी डोंगराकडची एक म्हातारी होती. कपाळभर गोंदण, गुडघ्यापर्यंत आवळून नेसलेलं लुगडं, पायाशी नागलीचं गाठोडं. माझी अवस्था बघून तिनं न विचारता पाटी ओढून घेतली, फडकं सोडलं आणि ठमीला उचलून थेट आपल्या पदराखाली, पोटाशी घेतलं. तिच्या पाठीवरून हात फिरवत काहीतरी पुटपुटत राहिली. मी म्हटलं, “आजी, खात नाही हो ती. नवसाची आहे.” म्हातारी म्हणाली, “जड झालीय बाय ही. वझं उतरंल मंग खाईल.” मी खिडकीतून डोकं बाहेर काढून ओकत होते, मला काय कळणार! पण इतक्या दिवसांत कुणीतरी माझ्या हातातलं ओझं घेतलं होतं, तेवढ्यानंच मला भरून आलं.

म्हातारी माझ्याबरोबरच उतरली. थानक म्हणजे एका मोठ्या आंब्याखाली शेंदूर लावलेला तांदळा, म्हणजे नुसता गोल दगड, मूर्ती नाही, आणि वर पत्रा. सेवा करणारा भगत वाकलेला पण नजर तेज. त्यानं तिथली रीत सांगितली. कोंबडी आईसमोर सोडायची, पुढं तांदूळ टाकायचे. तिनं आपल्या चोचीनं टिपले तर आईनं घेतली. नाही टिपले तर घेतली नाही, नवस तसाच डोक्यावर ठेवून घरी जायचं. त्यानं हात पुढं केला, “आण तांदूळ.” नारळ होता, हळद-कुंकू होतं, खण होता. तांदूळ मी विसरले होते! मग कमरेची गाठ आठवली. लेकीनं ठमीच्या भुकेसाठी दिलेल्या कण्या मी तिथं आईसमोर पसरल्या.

ठमी जिथं सोडली तिथंच बसली. कण्यांकडे बघेसुद्धा ना. भगत थांबला, मी थांबले. एक दाणा खावा म्हणून इतके दिवस मी जीव टाकत होते, आणि आता एक दाणा खाल्ला की ती गेली. मला वाटलं, नको खाऊस. लगेच वाटलं, अगं नाही खाल्लंस तर माझ्या नंदाचं काय? असं किती वेळ हेलकावत होते कोण जाणे. मग एकदम माझं भांडणच संपलं. थकले मी. जमिनीला डोकं टेकवलं आणि चारचौघांत मोठ्यानं बोलले, “आई, ही तुझी, ती पोरही तुझी. मी उगीच माझं माझं म्हणून धरून बसले. तुला ठेवायची तशी ठेव, न्यायची तशी ने. मला आता यातलं काही कळत नाही.” आणि लहान पोरासारखी हुंदके देऊन रडले. मनावरचा दगड उतरला होता.

मान वर केली तेव्हा ठमी उभी राहत होती. पंख झटकले, एकदा केवढ्यानं तरी ओरडली. ती बसली होती तिथं शेंदराच्या दगडापाशी एक अंडं पडलेलं, ओलं, मोठं, एका बाजूनं खडबडीत. पावसाळ्यात पिसं झाडल्यापासून तिची अंडी बंद होती, त्यामुळं अंडं अडलं असेल हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. जीपच्या धक्क्यांनी ते मोकळं झालं असेल, म्हातारीच्या पोटाच्या उबेनं झालं असेल. असेलही. मी एवढंच सांगते की ते तिथं झालं, आणि मग ठमी पुढं आली आणि टक टक टक कण्या टिपायला लागली. भुकेली, हावरट, जशी होती तशी! मी रडता रडता हसायला लागले. आणि हसता हसताच आठवलं की टिपले म्हणजे आईनं घेतली. मी स्वतः तिला उचलली, तिच्या तुऱ्याला गाल लावला आणि भगताच्या हातात दिली.

भगतानं तिला घेतलं, पण त्याची नजर अंड्यावरून हलेना. म्हातारी मागून म्हणाली, “बघतोस काय? रीत नाय ठावं तुला?” भगतानं मान हलवली. “थानकावर जिनं अंडं दिलं, तिला आमी सुरी लावत नाय. आईनं अंड्यात आपलं घेतलं, नवस फिटला.” अंडं त्यानं हळद-कुंकू वाहून आईच्या पुढं ठेवलं आणि ठमी परत माझ्या ओटीत घातली. “ही आता आईची. तुझ्याकडं राखायला दिली म्हण. विकू नको, कापू नको.” पाया पडायला मी म्हातारीकडे वळले, तर ती गाठोडं डोक्यावर घेऊन पार खालच्या वळणावर पोचली होती. हाक मारली, तिनं मागं न बघताच हात हलवला. ती कोण, कुठली, मला आजतागायत ठाऊक नाही. मी शोधही घेतला नाही.

नवरात्रात माझ्या हातची पहिली माळ तेव्हापासून खिंडीतल्या आईच्या नावानं असते. भांडण पूर्ण थांबलंय असं नाही. पण आता मागून झालं की मूठ उघडी ठेवायला शिकले आहे. नंदा मोठी झाली, सासरी गेली, तेव्हाही मनात हेच होतं की ती माझ्याकडे राखायला दिली होती. ठमी पुढं कितीतरी वर्षं जगली आणि म्हातारी होऊन, ऊन खाता खाता गेली.

त्या दिवशी मी घरी पोचले तेव्हा दिवस मावळत होता. नंदा फाटकातून धावत आली. आत्याबाई ओट्यावर बसलेल्या, सकाळपासून त्यांनी पाण्याचा थेंब घेतला नव्हता, हे मला मागाहून कळलं. रिकामी पाटी येईल असंच त्या धरून चालल्या होत्या. मी फडकं सोडलं, ठमीनं मान बाहेर काढली. काय झालं, नवस फिटला का, असं काही आत्याबाईंनी विचारलंच नाही. घरात जाऊन ताट वाढून आणलं, ओट्यावर ठेवलं, त्यातला भाताचा एक घास कालवून हातावर घेतला. दोन वर्षांत एकदाही ज्या तोंडून ते नाव निघालं नव्हतं, त्या तोंडानं त्या म्हणाल्या, “ये गं ठमे. एक घास तुला, एक नंदाला. मी पण खाईन मग.”