हमीदचाचांचा कापडी नकाशा

हे मी आजवर कुणापुढं बोलले नाही. नवऱ्यापुढंही नाही. तुमच्यापुढं का बोलतेय — कोण जाणे. पण ऐका.

मी धाराशिवला कॉलेजात इतिहास शिकवते. जुने नकाशे कोण काढायचं, कसे काढायचे, हा माझा अभ्यास. नकाशा वाचण्याआधी तो जपायला शिका, असं पोरांना ठासून सांगते. काय हा निलाजरेपणा माझा!

उमरग्याच्या हमीदचाचांकडं त्यांच्या वडिलांनी काढलेला गावाचा नकाशा होता. निजामाच्या काळातला, खळ दिलेल्या मांजरपाटावर शाईनं काढलेला. विहिरी, पाणंदी, उर्दूत शेतांची नावं. उशीच्या अभ्र्यात गुंडाळून पेटीत ठेवलेला. अभ्यासासाठी माझ्या हातात देताना म्हणाले, "अब्बाची येवढीच निशानी हाय, मॅडम." चाचांची नजर गेलेली. कित्येक वर्षांत त्यांनी तो उघडला नव्हता.

मी घरी आणून उघडला. चांगला होता हो — अगदी चांगला. नुसत्या घड्या पडलेल्या. फोटो नीट यावा म्हणून मी... कसं सांगू? साडीला करतो तसंच केलं. ओला फडका टाकला आणि वरनं इस्त्री फिरवली. फडका उचलला, तर शाई फडक्यावर आलेली. उत्तरेकडचं अर्धं गाव पुसलं गेलं होतं.

इथवर चूक होती. चूक कुणाच्याही हातनं होते. पण पुढं? लेखात मी लिहिलं — घरच्यांच्या हयगयीमुळं ओल लागून नकाशाचा उत्तर भाग नष्ट झाला आहे. शांत डोक्यानं लिहिलं. लेखाचं कौतुकही झालं.

त्यांच्या सुनेनं चाचांना तो लेख वाचून दाखवला होता. नकाशा परत द्यायला गेले, तर माझा आवाज ऐकून ते उठून उभे राहिले. मेले, म्हटलं, यांना कळलं सगळं. तर त्यांनी हात जोडले.

"माफ करा मॅडम. आमच्याकडनं अब्बाची चीज सांभाळली गेली न्हाय. तुमचं लई नुकसान झालं."

आणि मी? — "असू द्या चाचा, होतं असं." वर चहा पिऊन आले. लाज वाटते हो, आजही.

चाचा आता नाहीत. ते गेल्यावर मी घरी भेटायला गेले तेव्हा सून सांगत होती, शेवटी शेवटी एकच धोसरा लावला होता त्यांनी — वर गेल्यावर अब्बाला काय जवाब देऊ?

तेव्हाही मी खरं न सांगताच चहा पिऊन आले.