चिखलातली पावलं

नवाकोरा रणगाडा मला बघवत नाही. प्लास्टिकचं वीतभर मॉडेल जोडून, हिरवं रंगवून झालं की मी त्याचे हाल सुरू करतो. सुईनं ओरखडे काढतो, स्पंजनं गंज चढवतो, चाकांवरच्या पट्ट्यांत प्लॅस्टरचा चिखल भरतो. बायको म्हणते, "चांगल्या वस्तूची वाट लावायला तुम्हाला आठ दिवस लागतात!"

परवा अशाच एका रणगाड्यातला प्लास्टिकचा सैनिक वरच्या झाकणातून आत बसेना. पाय आड येत होते. मी ते कमरेखाली कापले आणि त्याला अर्धाच चिकटवला. चेहरा आधीच हसरा रंगवला होता, तो तसाच राहिला. लांबून बघणाऱ्याला युद्ध कमरेच्या वरचंच दिसतं. कापलेले पाय वाया कशाला घालवायचे? चिमट्यात धरून रणगाड्याखालच्या पाटावरच्या ओल्या चिखलात त्यांचे बूट उमटवत रणगाड्यापर्यंत नेले.

काल शेजारचे माने आले. उमेदीची वर्षं त्यांनी खऱ्या रणगाड्यात काढलेली. पावलं निरखत म्हणाले, "अगदी खरी वाटतात हो! कुणाची?"

मी झाकणातल्या हसऱ्याकडे बोट दाखवलं. "त्याचीच."

"म्हणजे स्वतःच्या पायांनी येऊन बसलाय."

"हो," मी म्हटलं. "आता उतरायचा प्रश्नच नाही."