दहा बाया, चार दिवस

माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील. अक्षर तर आधीपासूनच वाकडं आहे, त्याबद्दल माफ करावं. चौथीपर्यंत शिकले, त्यातही कापसाच्या दिवसांत शाळा बुडायची. ही वही कोणाला दाखवायला लिहीत नाही. आता पिपरी (मेघे) इथे लेकीच्या घरी असते. दुपारी घरात कोणी नसतं. नातीच्या गणिताच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी होती, ती रद्दीत टाकणं जिवावर आलं. पुढच्या पानांवर सगळीकडे क्ष लिहिलेला आहे. तो पाहिला आणि हे आठवलं.

चौथीनंतर पाचवीसाठी रोहण्याला पायी जावं लागे. बाबा म्हणाले, पुरे झालं. शाळेतून मी दोनच गोष्टी घरी आणल्या. हळूहळू वाचता येई, आणि पाढे पाठ होते. साधे पाढे नाहीत, पावकी, निमकी, पाऊणकी, सगळे. एक पाव पाव, बे पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक. गुरुजी छडी घेऊन उभे असत, म्हणून ते आत कुठेतरी घट्ट बसले, आजही निघत नाहीत.

लग्न झाल्यावर त्याच पावकीचा उपयोग झाला. मी दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायची. त्या वर्षी वेचणीचा भाव किलोला पाव रुपया होता. संध्याकाळी काट्यावर सगळ्या बायांच्या गाठोड्यांचं वजन व्हायचं, आणि बाया माझ्याभोवती उभ्या राहायच्या.

"बावीस किलोचे किती झाले वं?"

"साडेपाच."

"अन् माहे एकोणीस?"

"पावणेपाच."

मी फार कोणाशी बोलत नसे. चारचौघांत आवाजच फुटत नसे. दिवसभरात मोठ्याने बोलायची ती एवढीच वेळ.

आमचे हे आर्वीला जिनिंगमध्ये कामाला होते. हंगामाचे चार महिने तिकडेच राहायचे. घरी मी, दोन मुली, आणि भिंतीला भिंत लागून थोरल्या जाऊबाईंचं घर. तिशीतच माझी कंबर धरायला लागली होती. बोंडाच्या टोकदार पाकळ्यांनी बोटांची टोकं फाटायची, त्यात भाकरीचं पीठ भरून बसायचं. सकाळी उठताना मोजायची, अजून किती वर्षं असं वाकायचं. त्याचा काही हिशेब लागत नसे.

अशात ग्रामसेवकाने सांगितलं की पुढच्या उन्हाळ्यानंतर गावात बालवाडी सुरू होणार. गावातलीच बाई पाहिजे, सातवी पास. पगार थोडा होता, पण काम छपराखालचं होतं. मला मास्तरीण व्हायचं नव्हतं. मला सावलीत बसायचं होतं. शाळेत न जाता बाहेरून सातवीची परीक्षा देता येते, असंही तो म्हणाला. माझी मोठी मुलगी त्याच वर्षी सातवीत होती. म्हणजे शिकवायला घरातच कोणीतरी होतं.

ह्यांना विचारलं तर म्हणाले, "दे परीक्षा. मी नाई कुठं म्हणतो? पैसे नाई माह्याजवळ."

मग जाऊबाईंकडे गेले. त्यांनी नुकत्याच दोन बकऱ्या विकल्या होत्या. उंबऱ्यात बराच वेळ उभी राहिले. त्यांनीच सुपातून मान वर केली.

"काऊन वं, खांबासारखी उभी? बोल ना."

"पंचाहत्तर रुपये पाह्यजे होते. सातवीच्या परीक्षेले."

"पोरीची फी एवढी?"

"पोरीची नाई. माही."

जाऊबाई इतक्या हसल्या की सुपातली तूर सांडली. "आता पाटी-दप्तर घेऊन बसतं काय पोरींमंदी? फ्रॉक बी शिवू काय तुले?" पण पैसे दिले. बालवाडीच्या पहिल्या पगारातून देईन, असं मी म्हणाले. त्यांना लिहिता येत नव्हतं. मोजणं विसांवर चाले. पंचाहत्तर म्हणजे तीन विसा आणि पंधरा. त्यांनी दारामागच्या भिंतीवर चुन्याचे ठिपके दिले, वीस-वीसच्या तीन ओळी आणि खाली पंधरा. "एक रुपया आणला का एक ठिपका पुसीन," म्हणाल्या.

त्यात फॉर्मची फी, गणिताचं पुस्तक आणि मार्गदर्शक, बसचं भाडं, आणि नऊ रुपयांची चप्पल घेतली. चप्पल घेतल्याचं आजही मनाला लागतं. पण आर्वीच्या शाळेत पोरींच्या रांगेत अनवाणी कसं बसावं, हे काही सुचेना.

संध्याकाळी मी चुलीशी भाकरी थापायची आणि मुलगी बाजूला पुस्तक घेऊन बसायची. अंकगणित मला जमलं. सरळव्याज, नफा-तोटा, सरासरी, याची उत्तरं मी तव्यावरची भाकरी उलटायच्या आत तोंडी सांगायची. मुलीला राग यायचा.

"माय, उत्तर नको सांगू. रीत लिव. रीतीले मार्क असते."

"उत्तर बरोबर हाये ना?"

"हाये. पण तुह्या डोक्यातलं मास्तरले कसं दिसन?"

मग मी कोळशाने फरशीवर पायऱ्या लिहायला शिकले. जे एका झटक्यात आलं ते पाच ओळींत हळूहळू आणायचं. याने फार थकायला व्हायचं, वेचणीपेक्षाही जास्त.

बीजगणित सुरू झालं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. आकड्यांत अक्षर कशाला, तेच कळेना. क्ष अधिक पाच बरोबर बारा. मी म्हटलं, सात आहे तर सात म्हणा, क्ष कशाला? मुलीने बराच विचार केला आणि म्हणाली, "माय, तू बाबाचं नाव घेतं काय?"

"नाई."

"मंग काय म्हणतं?"

"हे म्हणतो."

"सगळ्यायले समजते ना कोण ते? तसाच हा क्ष. नाव नाई घ्याचं, पण कोणीतरी हाये. शेवटच्या ओळीत नाव घ्याचं."

त्या दिवसापासून क्षची भीती गेली. त्याला मी मनातल्या मनात 'हे' म्हणायची. हे आणि पाच मिळून बारा. मुलगी हसायची, पण समीकरणं सुटायला लागली. फक्त वजाला वजाने गुणल्यावर अधिक का होतं, हे विचारलं की ती चिडायची. "तसंच मानाचं असते, माय. काऊन विचारू नको." मी नाही विचारलं मग. पण मनात ते राहून गेलं.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. आम्ही दोघी एकाच बसने आर्वीला गेलो. माझ्या बाकावर माझ्या अर्ध्याहून कमी वयाची एक पोर बसली होती, तिने मला नमस्कार केला. तिला वाटलं मी पर्यवेक्षक आहे. मराठी, इतिहास, भूगोल बरे गेले. गणिताच्या पेपरात तेराव्या उदाहरणापर्यंत सगळं लिहिलं, समीकरणांच्या पायऱ्यासुद्धा. मग शेवटचं उदाहरण आलं, सहा गुणांचं. ते मला अजून शब्दाशब्दाने पाठ आहे.

एका शेतातील कापूस चार पुरुष व सहा स्त्रिया मिळून पाच दिवसांत वेचतात. एक पुरुष दोन स्त्रियांइतके काम करतो. तर तोच कापूस दहा स्त्रिया किती दिवसांत वेचतील?

वाचून मला आधी बरं वाटलं, कारण कापूस होता. मग दुसरं वाक्य पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. एक पुरुष दोन स्त्रियांइतका? कापसात? आमच्याकडे पुरुष वेचणीला येत नाहीत. कधी माणसं कमी पडली म्हणून एखादा आलाच, तर दुपारपर्यंत त्याची कापूस टाकायला कमरेला बांधलेली ओटी अर्धी भरते, आणि त्यातही पानाचा कचरा. बाई वीस-बावीस किलो वेचते तिथे तो दहाला टेकतो. मला खात्री पटली की छापताना शब्दांची अदलाबदल झाली आहे. आमच्या पुस्तकातही एक-दोन ठिकाणी छपाईची चूक होती, ती मुलीने पेनने दुरुस्त केली होती. ओरडून विचारावं तर आवाज फुटेना. म्हणून मीही दुरुस्त केलं. एक स्त्री दोन पुरुषांइतके काम करते, असं पहिल्या ओळीत स्वच्छ लिहिलं. चार पुरुष म्हणजे दोन बाया. दोन आणि सहा आठ. आठ पंचे चाळीस. चाळीसला दहाने भागलं, चार. बाकी शून्य. बाकी शून्य आली की उदाहरण बहुतेक बरोबर असतं, असं चौथीतले गुरुजी सांगत. मी पेपर दिला आणि बाहेर आले. खूप दिवसांनी पाठ हलकी वाटली.

बसस्टँडवर मुलगी उसाचा रस पीत उभी होती.

"शेवटचं किती आलं, माय?"

"चार दिवस."

तिने ग्लास खाली ठेवला. "चार? सात येते. चार दुणे आठ, आठ अन् सहा चौदा, चौदा पंचे सत्तर, भागिले दहा."

"पण ते चुकीचं छापलं होतं ना? कापसात माणूस कुठं दोन बायांएवढा वेचते?"

"माय, ते खरं नसते! पेपरात दिलं तसं मानाचं असते. गणित हाये ते."

ती माझ्यावर ओरडली आणि मग तिलाच रडू आलं. मी तिला रस पी म्हटलं. मग आम्ही बस धरली. मला एकच विचार येत होता. न दिसणाऱ्या आकड्याला मी 'हे' म्हणायला तयार झाले. वजा-वजा अधिक, तेही मानलं. आणि जे रोज डोळ्यांनी पाहते त्याच्या उलटं मानायची वेळ आली, तेव्हाच हात अडला.

निकालात मुलगी चांगल्या मार्कांनी पास झाली. मला गणितात एकतीस होते, पास व्हायला पस्तीस लागत. पुन्हा बसता आलं असतं, पण फी पुन्हा भरावी लागली असती, आणि बालवाडी जूनमध्येच सुरू झाली. ती जागा गावातल्या एका नववी शिकलेल्या सुनेला मिळाली. तिचं काही वाईट नव्हतं. मुलं रमली तिच्याकडे.

जाऊबाईंच्या भिंतीवरचे ठिपके तसेच होते. दिवाळीच्या आधी त्यांनी सगळं घर पांढऱ्या मातीने पोतारलं, फक्त दारामागचा तो चौकोन सोडला. घरी आलेली प्रत्येक बाई विचारायची, "हे काऊन सोडलं वं?" आणि जाऊबाई सांगायच्या, "आमच्या मास्तरणीची फी हाये ते." त्यांच्या मनात वाईट नसायचं. मी मात्र दिवाळीत त्यांच्या घरी जायचं टाळलं.

वेचणी सुरू झाली. शेताच्या कडेला सीतादहीचा, म्हणजे पहिल्या वेचणीच्या पूजेचा, दहीभात ठेवला आणि आम्ही ओट्या बांधल्या. तोवर माझ्या उदाहरणाची गोष्ट सगळ्या गावाला कळली होती.

"ज्यानं तो पेपर काढला त्याले एक दिवस इथं वेचाले आणा," एक म्हणाली.

"माह्या घरचा तर बोंडाले हात लावत नाई. टोचते म्हणते!"

"माह्या घरचे दोन घे, तरी एक बाई नाई होत."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण वाकल्यावर कंबर तीच होती.

मी हिशेब केला. भाव तोच होता, रोज चार किलोचे पैसे बाजूला. चार पाव एक. रोजचा एक रुपया, म्हणजे पंचाहत्तर दिवस. कागदावर सोपं होतं. पण बाजाराच्या दिवशी काम नसे, मध्ये धाकटीला ताप आला, माघात अवकाळी पाऊस येऊन कापूस काळा पडला. दर बाजारी मी जमलेले रुपये घेऊन जायची. जाऊबाई अंगठा ओला करून तेवढे ठिपके पुसायच्या आणि मोजताना पहिल्याला एक न म्हणता 'लाभ' म्हणायच्या, धान्य मोजताना म्हणतात तसं. लाभ, दोन, तीन. मग विचारायच्या, "किती राह्यले वं?" हिशेबावर त्यांचा माझ्याशिवाय कोणावर विश्वास नव्हता.

हंगाम संपला तेव्हा एकसष्ट झाले होते. चौदा ठिपके उरले.

"राहू दे आता," जाऊबाई म्हणाल्या. "पोरीले नववीच्या वह्या घे त्याच्या. पास तर तूच केली तिले."

"नाई. पूर्ण देतो."

"हट्टी हाये तू."

गहू सोंगायला गेले, मग कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उपटायला. पऱ्हाटी उपटून हाताला फोड आले ते फुटले, पुन्हा आले. बारा दिले. शेवटचे दोन राहिले ते पुढच्या बाजाराच्या दिवशी पदराच्या गाठीत बांधून नेले. जाऊबाईंनी एक ठिपका पुसला, 'लाभ' म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "हा तू पूस." मी अंगठा ओला करून शेवटचा पुसला.

"किती राह्यले?"

"काईच नाई," मी म्हटलं.

त्यांनी दोन्ही रुपये डब्यात टाकले, आणि कोपऱ्यातल्या मडक्यातून पांढरी माती घेऊन तेवढा चौकोन पोतारून टाकला.