तीन तवे आणि एकशे बेचाळीस ‘येणार’

कमला एक तवा मागायला गेली आणि तीन तवे घेऊन आली. ती खूश होती. मी नव्हते.

सकाळचे दहा वाजले होते. शेतकऱ्यांचं गाव. दहा वाजता कोणती बाई आपला तवा दुसऱ्याला देते? तिच्याच भाकरी व्हायच्या असतात. एखाद्या घरानं दिला तर समजू शकते. ओळीनं तीन घरं तवे काढून देतात, याचा अर्थ त्या तिन्ही घरांत आज स्वयंपाकच नाही.

“काय म्हटलं वं त्याइनं?” मी विचारलं.

“म्हणे, ने व माय, आज आमाले कायले लागते तवा? आज चूलबंद हाय ना.”

मी हातातला झारा खाली ठेवला.

मी स्वयंपाकाच्या ऑर्डरी घेते. लग्न, साक्षगंध, बारसं, तेरवी. तीस वर्षं झाली. शिक्षण म्हणाल तर चौथी. पण पाचशे माणसाला किती डाळ लागते हे मला कागदावर लिहावं लागत नाही. कमला आणि आणखी पाच बाया माझ्यासोबत असतात. त्या दिवशी आम्ही बाभुळगावपासून आतल्या एका गावात किसनाजींच्या तेरवीचा स्वयंपाक करत होतो. किसनाजींच्या मागे बायको इंदूबाई आणि एकच मुलगा, नितीन. तो पुण्याला कम्प्युटरच्या कंपनीत आहे.

आता चूलबंद म्हणजे काय ते सांगते. आमच्याकडे जेवणाचं बोलावणं म्हणजे आवतन. ते दोन तऱ्हेचं असतं. एक घरटी एका माणसाचं. दुसरं चूलबंद, म्हणजे त्या घरातली चूल त्या दिवशी पेटवायची नाही, म्हाताऱ्यापासून तान्ह्या पोराच्या आईपर्यंत सगळ्यांनी आपल्याकडे जेवायचं. दोन्हींत चौपटीचा फरक. म्हणून ऑर्डर घेताना माझा पहिला प्रश्न एकच असतो. आवतन कोणतं आणि दिलं कोणी?

हा प्रश्न मी नितीनलाही विचारला होता. आठ दिवस आधी तो माझ्या घरी आला, फोन हातातच. आवतन कोणतं ते सांगितलंच नाही, आकडा सांगितला.

“मावशी, एकशे बेचाळीस कन्फर्म आहेत. बाहेरचे पाहुणे धरून दोनशे.”

“कन्फर्म म्हंजे?”

“गावाच्या ग्रुपवर मेसेज टाकला, खाली फॉर्मची लिंक दिली. ज्याला यायचं त्यानं नाव टाकून ‘येणार’ दाबायचं. एकशे बेचाळीस रिस्पॉन्स आले.”

“दादारावले सांगतलं नाही का?”

दादाराव त्या गावात चाळीस वर्षं आवतन देतात. दारोदार जातात, उंबऱ्यापाशी उभे राहतात, सांगतात, पाणी पितात, पुढे जातात. नितीन म्हणाला, “त्या म्हाताऱ्याला कशाला उन्हात फिरवायचं मावशी? दोन मिनिटांचं काम आहे.”

मी म्हटलं, माणसं येतील किती ते घरच्या बाईला विचारते. तर म्हणाला, “आईला त्रास नको. डेटा आहे ना माझ्याकडे.” मग मला फोनवर विचारून दाखवलं की दोनशे माणसांना डाळ किती लागते. मी समोर बसलेली असताना! फोननं सांगितलेली डाळ दीडशे माणसालाही पुरली नसती. ते मी त्याला सांगितलं आणि माझ्या हिशेबानं अडीचशेची तयारी धरली. पण इंदूबाईला भेटायला गेले नाही. ती चूक माझी. तीस वर्षांत पहिल्यांदा मी बाईऐवजी आकड्यावर विश्वास ठेवला.

तर तीन तवे समोर ठेवून मी नितीनला बोलावलं.

“मेसेज वाचून दाखव.”

त्यानं वाचलं. वडिलांचं नाव, दिवस, वेळ. आणि शेवटी, “तरी सर्वांना चूलबंद आमंत्रण.”

“हे कोणं लिवलं?”

“आईनं सांगितलं तसंच टाकलं.”

“चूलबंद म्हंजे काय, माहीत हाय का तुले?”

“म्हणजे… आग्रहाचं असतं ना? सस्नेह वगैरे लिहितात तसं?”

बारावीपर्यंत त्याच गावात जेवलेला पोरगा! एकशे बेचाळीस माणसांनी नव्हे, एकशे बेचाळीस घरांनी ‘येणार’ दाबलं होतं. घरातल्या एकानं फोन घेतला, अख्ख्या घराचं म्हणून दाबलं. फॉर्मनं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

दादाराव मंडपाच्या कोपऱ्यात बसले होते. कोणी काम सांगितलं नाही तरी मयताच्या घरी सकाळपासून आले होते, पण तोंड फिरवून. मी जाऊन विचारलं, “दादाराव, गाव चूलबंद आलं तर माणूस किती?”

“आता मले कायले इचारता सुमनबाई? त्या फोनले इचारा.”

“फोन म्हणते एकशे बेचाळीस.”

ते हसले नाहीत. डोळे मिटून बोटांवर मोजायला लागले. “वरली आळी, चाळीस चुली. शेवंताची सून माहेरी गेली, तिथं दोन कमी. पुंडलिकाची लेक आली लेकरं घेऊन, तिथं तीन जास्त. रामभाऊ दवाखान्यात हाय, त्याचा डबा न्या लागन…” असं अख्खं गाव फिरून आले, जागचे न उठता. “साडेपाचशे. पावणे धरून सहाशे.”

माझ्याकडे अन्न अडीचशेचं. बाराला पहिली पंगत.

हे लग्न असतं तर चाललं असतं. लग्नात बुंदी संपली तर लोक हसतात आणि घरी जाऊन खातात. इथं घरी काहीच नव्हतं. अख्ख्या गावाच्या चुली बंद, सकाळपासून पोरं उपाशी. आणि तेरवीचं जेवण कमी पडलं, तर मेलेला माणूस उपाशी गेला असं म्हणतात. शेजारच्या गावात एका घराला अजून ‘उपाशी तेरवीवाले’ म्हणतात. ज्यांच्या घरी ते झालं त्यांची नातवंडं म्हातारी झाली, नाव गेलं नाही. इंदूबाईला उरलेलं आयुष्य त्याच गावात काढायचं होतं. नितीन चौथ्या दिवशी पुण्याला जाणार होता.

नितीन घामाघूम झाला. पुन्हा फोनच काढला. “यवतमाळहून मागवतो,” म्हणाला. फोननं सांगितलं, तुमच्या भागात सेवा नाही. मग म्हणाला, “ग्रुपवर टाकतो, की गैरसमज झाला, कृपया घरटी एकानेच यावे.”

मी त्याचा हात धरला. “टाक. म्हंजे तुह्या मायची लाज एका मिनिटात साऱ्या गावाले अन् साऱ्या सोयऱ्याले पोचते. ठेव तो फोन खिशात. घरात तूरडाळ किती हाय? तांदूळ किती?”

डाळीची कोठी भरलेली होती, घरच्या तुरीची. तांदळाचं पोतं होतं. वरण-भाताचं निभणार होतं. भाताचं आंधण, म्हणजे उकळतं पाणी, मी नेहमी एक गंज, ते मोठं पातेलं, जास्तच चढवून ठेवते. वांग्याच्या भाजीत आलू वाढवायचे. बुंदी आणि वडे वाढत नाहीत, ते हात आखडून वाढायचे. प्रश्न पोळ्यांचा होता. पाच-सहाशे पोळ्या दीड तासात आम्हा सात बायांनी होत नाहीत, तवे तीन असोत की तेरा.

“दादाराव, भावकीची घरं किती?”

“अकरा.”

भावकीला किसनाजींचं सुतक होतं. त्यांची लाज आणि इंदूबाईची लाज एकच. “त्या अकरा घरी जा. बाईच्या कानात सांगा. पन्नास पोळ्या, मागल्या दारानं, फडक्यात बांधून. बाकी कोणाले कळता कामा नाही.”

दादाराव उठले. धोतर सावरलं. नितीनकडे पाहिलं आणि म्हणाले, “चाळीस वर्सं लोकाइले चूल बंद करा म्हणत फिरलो. आज पयल्यांदा पेटवाचं आवतन देऊन राह्यलो.”

नितीन म्हणाला, “काका, मी गाडीवर सोडतो.”

“गाडीवर गेलो तं गाव इचारन, काहून घाई हाय. मी रोजच्यासारका जातो.”

आणि गेले, रोजच्यासारखे, हात मागे बांधून.

सव्वाअकराला पहिलं गाठोडं आलं. मग येतच राहिली. लाटणाऱ्या बायकांनी एक शब्द विचारला नाही. एकीनं तर वरून भाजीसाठी आलूही पाठवले. काही पोळ्या जाड होत्या, काही नकाशासारख्या. तेरवीत पोळीचा आकार कोणी पाहत नाही. मी नितीनला पाणी वाढायला लावलं. फोन एका हातात धरून तांब्या धरता येत नाही, हा त्या कामाचा फायदा.

सहा पंगती झाल्या. शेवटची बायांची उठली तेव्हा साडेतीन झाले होते. भात तळाशी परातभर उरला. रामभाऊंचा डबा दवाखान्यात गेला. कोणी उपाशी उठलं नाही.

इंदूबाई आतल्या खोलीत बसली होती. मी ताट घेऊन गेले. तिनं माझ्याकडे पाहिलं.

“पुरलं?”

“पुरलं.”

“मंग माह्या जावेच्या घरच्या जाड पोळ्या माह्या ताटात कशा आल्या?”

मी तिच्या वाटीत वरण ओतलं. तिनं पोळीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि जेवायला लागली. “दादारावले वाढलं का आधी?” एवढंच म्हणाली.

भांडी घासून होत होती तेव्हा नितीन आला. बिचारा खरंच शरमला होता. “मावशी, चूक लक्षात आली. पुढच्या वेळी फॉर्ममध्ये ‘घरात किती माणसं’ असा एक रकाना टाकीन.”

“पुढच्या टायमाले?” मी म्हटलं. “बापाची तेरवी किती वेळा कराची हाय तुले?”

लोक मला सांगतात, काळ बदलला, तुम्हीही शिका. कशासाठी? दादाराव चुकत होते म्हणून फॉर्म आला असता तर मी पहिली शिकले असते. चाळीस वर्षं एक घर न चुकलेल्या माणसाचं काम काढून ज्याला चूलबंद आणि घरटी एक यांतला फरक कळत नाही अशा यंत्राला दिलं, आणि त्याला सोय म्हणतात. त्या माणसाच्या मनाला काय वाटलं, ते कोणत्या रकान्यात भरायचं?

आता ऑर्डर घेताना मी आकडा ऐकत नाही. आवतन देणारा माणूस समोर आणून बसवा म्हणते. तो येईपर्यंत गंज चढत नाही. आणि जेवणाच्या दिवशी सकाळी दहाला, गरज असो वा नसो, कमलाला गावात तवा मागायला पाठवते.